अळणी भात

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, १२ जानेवारी २००३

तेजस्वी,

वर आशीर्वाद लिहिणार होतो. मग म्हटलं, जी पोरगी दोन वर्षं फोनवर माझा आवाज ऐकला की राँग नंबर म्हणून ठेवून देते, ती आशीर्वाद तरी कशाला घेईल. म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

माझ्यासाठी लिहीत न्हाई. पैलवानासाठी लिहितोय. कुत्रं तुझं हाय. सातवीत असताना कोडोलीच्या मामाकडनं पिशवीत घालून तू आणलंतंस, नाव तू ठेवलंस, आणि जाताना माझ्या गळ्यात बांधून गेलीस. भाड्याच्या खोलीत मालक कुत्रं ठेवू देत न्हाई, हे मला तुझ्या आईकडनं कळलं. बरं, ऱ्हाऊ दे.

दिवाळीपासनं त्याचं काय तरी बिनसलंय. बादलीभर पाणी पितो आणि खाल्लेलं ओकतो. बरगड्या मोजता येत्यात. जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं रक्त काढून तपासायला धाडलं. काल म्हणाला, किडन्या निम्म्याच्या वर गेल्यात. मटण बंद, हाडं बंद, मीठ-मसाला बंद. अळणी भात, उकडलेला दुधी आणि अंड्यातलं पांढरं, एवढंच घालायचं. हे खाल्लं तर वर्ष-दोन वर्षं काढील, न्हाई खाल्लं तर काही महिने.

आता मला सांग, हे कुणाला सांगतोय तो डॉक्टर? आपली खानावळ, आणि हे कुत्रं तिच्या मागच्या दारात वाढलेलं. दहा वर्षं पांढऱ्या रश्श्यात भाकरीचा काला खाल्लेलं. शिळा रस्सा घातला तर तोंड फिरवतंय ते. काल रात्री अळणी भात पुढ्यात ठेवला तर एकदा हुंगलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की मला गिऱ्हाइकापुढं करपलेली भाकरी ठेवल्यासारखं झालं.

लहान असताना तू त्याला जंताची गोळी कशात घालून द्यायचीस ते कळव. गोळी थुंकायचा न्हाई, एवढं मला आठवतंय. दोन ओळी पुरे.

त्या रविवारचं मी काढत न्हाई. तुझ्या नवऱ्याला मी तवा एक वाकडा शब्द बोललो न्हवतो, एवढंच सांगतो आणि गप बसतो.

आबा

मंगळवार, २१ जानेवारी

तेजस्वी,

तुझं उत्तर न्हाई. पोस्टाचा घोळ असंल म्हणून परत लिहितोय. जयसिंगपूर काय विलायत न्हाई, तासाभराची एस्टी. पण पत्राला आठवडा लागतो असं मी धरून चाललोय.

डॉक्टर म्हणाला, एकदम बदलू नका. पहिले दोन दिवस तीन मुठी जुनं आणि एक मूठ नवं, मग निम्मं-निम्मं, मग एक मूठ जुनं. आठवड्यात सवय होते म्हणे. मी काट्यावर तोलल्यागत मिसळलं. पैलवानानं काय करावं? मटणाचा बारीकसा तुकडा तेवढा खाल्ला, भाकरी खाल्ली, भाताला लागलेला रस्सा चाटून घेतला आणि दुधीची एकेक फोड ताटाबाहेर काढून ठेवली. तुला हसू येईल. मला पण पहिल्या दिवशी आलंतं.

मग भात कोमट करून बघितला. हातानं भरवून बघितला. तुझी आई मांडी घालून त्याच्यापुढं बसली, बाळंतिणीला भरवावं तसं खा की रे, खा की माझ्या राजा, करत ऱ्हायली. त्यानं तिच्या हाताचा मुका घेतला आणि भात तसाच सोडला. रोज दोन्ही वेळंला पन्नास-साठ माणसं माझ्या हातचं जेवून ढेकर देत्यात, आणि घरचं कुत्रं मला दाद देईना. कुणापाशी सांगायची पण लाज वाटते.

तुझी आई दर गुरुवारी गुडघ्याच्या औषधाला म्हणून जाते. ते औषध जयसिंगपुरातच मिळतं वाटतं. मी विचारत न्हाई. परवा बयाबाईला सांगत होती, तेजूनं वांग्याची भाजी माझ्यापरीस चांगली केलती म्हणून. बयाबाई आपली भाकरीवाली, तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई, तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, मला काय करायचंय.

वांग्यात कूट घालतेस काय तू?

आबा

सोमवार, ३ फेब्रुवारी

तेजस्वी,

दुसऱ्यांदा रक्त तपासलं. पहिल्यापेक्षा वाईट आलंय. डॉक्टर माझ्यावरच खवळला. म्हणाला, घरात कोण तरी चोरून मटण घालतंय. मी म्हटलं, शोधतो.

शोधायचं काय? मागच्या दाराला दिवसभर कोण असतंय? बयाबाई. तिचा जीव हाय त्याच्यावर, हे सगळ्यांस्नी ठाऊक. दुपारच्या पंगतीत, चार माणसं जेवत असताना मी तिला बोललो. पंधरा वर्षं माझं मीठ खातेस आणि माझ्याच कुत्र्याला मारतेस व्हय, असं बोललो. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगू दिली, काढून ठेवली आणि मग हात धुतले. म्हणाली, "मालक, मी भाकऱ्या बघतो. कुत्र्याचं ताट कोण बघतंय ते तुम्ही बघा." पदर खोचला आणि गेली. आज तिसरा दिवस, आली न्हाई. भाकऱ्या तुझी आई थापते आणि गुडघा धरून बसते.

डॉक्टरनं आता दुसरी तऱ्हा सांगितलीय. भात पुढ्यात ठेवायचा. जवळ बसायचं न्हाई, लाडीगोडी लावायची न्हाई. घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबायचं. न्हाई खाल्लं की ताट उचलायचं, आणि संध्याकाळपर्यंत पुढ्यात काय ठेवायचं न्हाई. संध्याकाळी परत तेच. भूक लागली की झक मारत खाईल म्हणाला. दोन दिवसांवर उपास गेला तर मात्र त्याला जाऊन सांगायचं.

एवढं सोपं. पोरगं पण करील.

आबा

सोमवार, १० फेब्रुवारी

तेजू,

आज खरं लिहितो. हे पत्र आईला दाखवलेलं न्हाई.

पैलवानाला मटण मीच घालत होतो. पहिल्या दिवसापासनं. तीन मुठी जुनं आणि एक मूठ नवं मिसळायचो, त्यानं ताट तसंच सोडलं की इकडंतिकडं बघायचो आणि पळीभर रस्सा वर ओतायचो. डॉक्टरकडं जाऊन आलो त्या दिवशी पण घातला. बयाबाईला चार माणसांत बोललो त्या दिवशी दुपारी पण घातला. तिनं बघितलंतं, म्हणून तसं बोलून गेली.

परवा तिच्या घरला गेलतो. चुकलो म्हणायचं असं ठरवून गेलतो. दारात उभा ऱ्हायलो आणि तोंडातनं आलं ते हे, की पीठ मळून ठेवलंय. ती चपला घालून मागनं आली. तिनं मला काय म्हणायला लावलं न्हाई. मला आणखीन वाईट वाटलं.

मी असं का केलं ते तुला सांगितलं पाहिजे. घड्याळ लावून बघितलं मी, चार वेळा. पंधरा मिनिटं होत्यात. कुत्रं ताटापुढं बसलेलं असतंय, उपाशी. मला नुसतं वाकून ताट उचलायचं असतंय. हात जात न्हाई, तेजू. जेवायला बसलेल्यापुढचं ताट उचलायचं न्हाई, हे मी मिसरूड फुटायच्या आधीपासनं शिकलोय. गिऱ्हाईक दारू पिऊन आलं, शिव्या द्यायला लागलं, तरी पानावर बसलं की त्याचं जेवण हुईपर्यंत थांबायचं आणि मग बाहेर काढायचं, असं माझा बाप सांगायचा. चाळीस वर्षांत मी एका माणसाला पानावरनं उठवलं न्हाई.

एकाला उठवलं. त्याचं नाव प्रसेनजीत. हे नाव मी आज पहिल्यांदा लिहितोय.

मी दोन वर्षं सगळ्यांस्नी हेच सांगत आलो, की मी त्याला वाकडा शब्द बोललो न्हाई. ते खरंच हाय. तू म्हणालीस, कॉलेजातला मित्र हाय, मास्तर झालाय, रविवारी जेवायला येतोय. मला आनंदच झाला. मी स्वतः वाढायला उभा. पोरगं मन लावून जेवत होतं. दुसऱ्यांदा पांढरा रस्सा घेतला, म्हणाला, काका, असा कुठं खाल्ला न्हवता. मी खुशीत विचारलं, पावणं कुठलं? जयसिंगपूरचं, म्हणाला. घर कुठल्या अंगाला? त्यानं सरळ सांगितलं, बुद्धविहाराच्या मागं. न लपवता, भाकरी मोडत मोडत सांगितलं. मी त्याच्याकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं, आणि तुझ्या तोंडावरनं मला बाकीचं कळलं.

मी आत वळून तुझ्या आईला म्हटलं, "पावण्यांस्नी हात धुवायला पाणी दे."

एवढंच बोललो मी. त्याच्या ताटात अर्धी भाकरी होती. वाटीत रस्सा होता. खानावळीच्या घरात वाढलेल्या तुला ह्याचा अर्थ सांगायला नको, आणि त्याला पण नको होता. तो उठला. हात धुतले. येतो काका म्हणाला, आईला वाकून नमस्कार केला. तू तुझ्या ताटावरनं उठलीस, भरल्या हातानं, आणि त्याच्या मागनं गेलीस. खानावळीत बाकड्यावर कोण बसलंय, कुठल्या जातीचा हाय, हे मी जन्मात विचारलं न्हाई. घरात विचारलं.

ती दोन ताटं तुझ्या आईनं संध्याकाळपर्यंत तशीच ठेवलीती. शेवटी पैलवानानं खाल्ली.

आता तूच सांग, मी त्याच्यापुढचं ताट कसं उचलू? आणि न्हाई उचललं तर तो मरतोय. मी ओततो रस्सा आणि तो शेपूट हलवत खातो, मी त्याच्या पाठीवर हात फिरवतो, आणि मला ठाऊक असतंय मी काय घालतोय ते.

आबा

मंगळवार, २५ फेब्रुवारी

तेजू,

तुझं कार्ड आलं. 'पैलवान कसा हाय ते कळवा. गोळी गुळात घालायचे.' मोजून दोन ओळी. मी दोनच मागितल्यात्या, तक्रार न्हाई. माझं कसं हाय ते विचारलं न्हाईस, त्याची पण तक्रार न्हाई. तुझी आई कार्ड देवाजवळ ठेवायला निघालती, मी म्हटलं, पोरीचं कार्ड हाय, देवाचं न्हवं. मग उशाखाली ठेवलं.

गूळ डॉक्टरला विचारला, न्हाई म्हणाला. पण कार्ड आल्यावर मला काय झालं ठाऊक न्हाई, मी ताट उचललं. एकोणीस तारखेला सकाळी. बयाबाईला म्हटलं, तू इथं उभी ऱ्हा, माझा हात रश्श्याकडं गेला तर पोळपाट घाल डोक्यात. पंधरा मिनिटं झाली. मी वाकलो आणि डोळं मिटून ताट उचललं. पैलवान उठून माझ्या मागनं मोरीपर्यंत आला. त्याला वाटलं, मी रस्सा घालायला नेतोय. मी ताट फळीवर ठेवलं तर फळीकडं बघत बसला. संध्याकाळी परत तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. तवा तो मागनं आला न्हाई, नुसता माझ्या हाताकडं बघत ऱ्हायला. मी परसात जाऊन बसलो. बयाबाई म्हणाली, मालक, भाकरीत पाणी जास्त झालं तर मी परत मळतो, तुमच्यागत रडत बसत न्हाई. तिचं आपलं असं असतंय.

संध्याकाळी चौथ्यांदा ताट पुढ्यात ठेवलं आणि डॉक्टरकडं जायला निघालतो. सायकल काढली आणि आतनं तुझी आई धावत आली. गुडघा असून धावली. पैलवान खात होता. अळणी भात, दुधीसकट. एकदा खायचा आणि माझ्या हाताकडं बघायचा, परत एकदा खायचा. निम्मं ताट संपवलं. त्या दिवसापासनं आज सहा दिवस, दोन्ही वेळंला खातोय. घाईघाईनं खातो, पळवून नेईल कोण तरी अशा बेतानं. पण खातोय. डॉक्टर म्हणाला, जमलं की तुम्हाला. आठ-पंधरा दिवसांनी रक्त बघू.

मी खानावळीत सगळ्यांस्नी त्या दिवशी फुकट सोलकढी पाजली. लोक म्हणाले, काय बारसं हाय काय. मी म्हटलं, व्हय, तसंच समजा.

तुझं कार्ड आलं म्हणून झालं हे. आणखीन एक धाडलंस तरी चालंल. एक ओळ पण चालंल.

आबा

रविवार, १६ मार्च

तेजू,

आईनं गुरुवारी तुला सांगितलं असंलच. तरी माझ्या हातानं लिहितो.

पैलवान परत ओकायला लागला. चार दिवस सलाईन लावलं. डॉक्टर घरला येऊन लावून जायचा, मी बाटली धरून बसायचो. काल रक्ताचा कागद आला. डॉक्टरनं तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. पैलवानाच्या मानेवरनं हात फिरवला आणि मला म्हणाला, "आता त्याला काय आवडंल ते घाला."

मी विचारलं, म्हणजे मटण चालंल? तो म्हणाला, काय पण चालंल. तवा मला कळलं. माझ्या बापाच्या वेळंला पण डॉक्टर असंच म्हणालता.

मी विचारलं, मी आधीपासनं रस्सा घातला न्हसता तर? डॉक्टर म्हणाला, आधीच उशीर झालता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो भला माणूस हाय. खरं असंल, नसंल. मला कळायला मार्ग न्हाई, आणि हे कुणाला विचारायचं ते पण मला कळत न्हाई.

आज सकाळी सातला जाऊन मटण आणलं. मऊ, चरबी नसलेलं. आईनं हात लावू का म्हटलं, मी न्हाई म्हटलं. पांढरा रस्सा मी केला, त्याला आवडतो तसा, मिरं न घालता. भाकरी बयाबाईनं थापली. काला करून, निवू देऊन, पैलवानापुढं ठेवला. तो पोत्यावर पडलेला. वासानं मान वर केली. नाक ताटाजवळ नेलं. आणि मग थांबला आणि माझ्या हाताकडं बघितलं.

मी हात पाठीमागं घेतला. तरी बघत ऱ्हायला. मी लांब जाऊन उभा ऱ्हायलो. मग दाराआड गेलो. फटीतनं बघत होतो. त्यानं ताटाला तोंड लावलं न्हाई. दाराकडं बघत ऱ्हायला, मी कवा येऊन उचलतोय म्हणून. दहा वर्षं मी त्याला वाढलं, ते त्यानं विसरून टाकलं. तीन वेळा उचललं, तेवढं ध्यानात ठेवलं.

त्याला कसं सांगू, आता उचलत न्हाई म्हणून? त्याच्याजवळ बसलो, ताट त्याच्या तोंडाशी नेलं, म्हटलं, खा, माझी चूक झाली, तुझंच हाय, खा. त्यानं माझं मनगट चाटलं. त्याला त्यातलं एक अक्षर कळलं न्हाई. मी किती पण बोललो तरी कळणार न्हाई.

प्रसेनजीतला कळंल. म्हणून हे खाली त्याला लिहितोय. तू त्याला वाचून दाखवू नको, त्याच्या हातात दे.

प्रसेनजीत, मी जोतीराम. तुम्ही माझ्या घरात जेवत होता आणि मी तुम्हाला पानावरनं उठवलं. वाकडा शब्द बोललो न्हाई म्हणून मी दोन वर्षं स्वतःला चांगला म्हणवून घेतलं. बोललो असतो तर बरं झालं असतं, तुम्हाला उलट बोलता तरी आलं असतं. तुम्ही हात धुतले आणि येतो काका म्हणालात. मी चुकलो. तुम्ही अर्ध्यावर उठलात, ते माझ्यामुळं. माफी द्या म्हणत न्हाई, ते तुमच्या मनावर.

तेजू, पुढच्या रविवारी दोघं जेवायला या. पैलवान तवर हाय का न्हाई, मला सांगता येत न्हाई. असला तर तुझ्या हातनं खाईल कदाचित. नसला तरी या. मी समोर असलो तर प्रसेनजीतना घास उतरणार न्हाई असं वाटत असंल, तर मी खानावळीत थांबतो, आई वाढंल. तुमचं जेवून, हात धुवून, पान खाऊन हुईपर्यंत मी घरात पाऊल टाकणार न्हाई. निघायच्या वेळंला बोलवलं तर येईन.

शनिवारपर्यंत फोन कर. राँग नंबर म्हणालीस तरी मी समजून घेईन, पण मटण सकाळी सातलाच आणावं लागतं, म्हणून विचारतोय.

आबा